हौसनगरीचा सौदा

आमच्या तिकीट खिडकीखाली एक खोका होता. पाण्याच्या हौदावर आलेले लोक चप्पल विसरून जायचे, आणि तीही बहुधा एकच! दुसऱ्या पायानं माणूस घरी कसा पोचतो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. कुणीतरी शोधत येईल म्हणून मी ती चप्पल खोक्यात टाकायची. कुणी येत नसे. दहा वर्षांत एका खोक्याचे तीन खोके झाले.

किस्स्यांचंही तसंच झालं. जोडी लागत नाही आणि टाकूनही देववत नाहीत. चपला शेवटी गेल्या, किस्से राहिले. घरी कुणी आलं आणि चहाला उकळी यायला वेळ असला, की मी एकेक बाहेर काढते. माझे यजमान तेवढ्यात पेपर उघडून बसतात, कारण त्यांना सगळे पाठ आहेत.

तर, हौसनगरी म्हणजे सेलूच्या बाहेर, नागपूरच्या रस्त्याला लागून असलेली आमची मौजेची बाग. पाण्याचे दोन हौद, तीन घसरगुंड्या, एक छोटी आगगाडी आणि एक आकाशपाळणा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या शेठजींनी ती काढली. त्याआधी त्यांची धान्याची आणि सरकीच्या ढेपेची अडत होती. शेतकऱ्यांनी माल आणायचा, यांनी तो तोलून व्यापाऱ्याला विकून द्यायचा. एकदा ते परराज्यात कुणाच्या तरी लग्नाला गेले. तिथे पाण्यात घसरायला लोक तिकीट काढून रांगेत उभे असलेले त्यांनी पाहिले, आणि परत आले ते अडत बंद करायचं ठरवूनच.

"पोतं नाई, उंदीर नाई, भाव पडाचं भेव नाई," ते म्हणाले. "माल सोताच चालत येते आन सोताच घसरते!"

अडत बंद झाली, पण अडतीतला एकही माणूस त्यांनी सोडला नाही. मुनीमजी मॅनेजर झाले. ट्रॅक्टरवाला आगगाडीचा ड्रायव्हर झाला. ट्रकमधून पोती उतरवणारे हमाल घसरगुंडीच्या तोंडाशी उभे राहून माणसं झेलू लागले. आणि काय झेलायचे, एकाचंही नाक कधी फुटलं नाही! नवी म्हणाल तर मी एकटीच. अक्षर बरं होतं म्हणून मला खिडकीत बसवलं.

*

पहिल्याच आठवड्यात आष्टीकडचे एक भाजीवाले काका खिडकीशी आले. रविवारच्या बाजाराला भाजी घालून दोन पैसे गाठीला असलेला माणूस. घसरगुंडीकडे बराच वेळ पाहून ते मला म्हणाले, "बाई, घसरून पाह्यल्याशिवाय तिकीट कायचं?"

मी हसले. शेठजी मागे उभे होते, ते हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर हाये त्यायचं. पोत्यातून मूठभर काढून पाह्यल्याशिवाय तूर कोणं घेतली काय?"

दुसऱ्या दिवशी खिडकीवर पाटी लागली. 'नमुना एकदा फुकट. पसंत पडल्यास तिकीट.'

उन्हाळ्यात एक वऱ्हाड आलं. दोन गाड्या भरून साठएक माणसं, नवरदेवासकट. सगळ्यांनी ओळीनं नमुना पाहिला. एकेक जण वरून घसरला, डोकं पुसलं, गाडीत जाऊन बसला. शेवटी नवरदेवाचे मामा खिडकीशी आले, "माल चांगला हाये हो" म्हणाले, आणि गाड्या लग्नाला निघून गेल्या. एकही तिकीट फाटलं नाही!

मी रडकुंडीला येऊन शेठजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पण माल चांगला हाये म्हने ना?"

*

चार वर्षांनी शेठजींनी तळेगावला, श्यामजी पंतांच्या तळेगावला, दुसरी बाग काढली. सेलूची धाकटी बहीणच. एक हौद, दोन घसरगुंड्या. त्यानंतर शेठजी नागपूरला कुणाशी बोलताना "हमारी चेन" म्हणू लागले.

मुनीमजींना ते काही पटेना. "शेठजी, दोनच तं बागा हाये. दोनाची चेन होते काय?"

"सायकलीले किती चाकं राह्यते मुनीमजी?"

"दोन."

"मंग चेन लागते का नाई?"

या चेनचा जनरेटर मात्र एकच होता. तो टेम्पोत बसून फिरायचा. ज्या बागेत गर्दी, त्या बागेत जनरेटर. तळेगावला शाळेची सहल ठरली की इकडून निघायचा, सेलूला मोठा रविवार असला की तिकडून यायचा. वाटेत टेम्पो पंक्चर झाला की दोन्हीकडे अंधार. तळेगावच्या माणसांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या टेम्पोचा हॉर्न मला झोपेतही ओळखू आला असता.

*

आता नथ्थूजी. यांच्यासाठी जरा सरसावून बसा.

नथ्थूजी अडतीत मापारी होते, म्हणजे काट्यावर माल तोलणारे. तीस वर्षं त्यांनी पोती तोलली. इतकी, की पुढे पुढे काटा फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी उरला. पोतं नुसतं पाहून ते सांगायचे, "अठ्ठ्याण्णव आन वरतं अर्धा." काट्यावर टाकलं की तेवढंच भरायचं. अंगानं बारीक, खांद्यावर दुपट्टा, बोलणं मोजकं. शेठजींनी त्यांना आकाशपाळण्यावर नेमलं.

पाळणा जुना होता, एका जत्रेवाल्याकडून घेतलेला. आठ पाळण्यांचा. मोटार लहान. समोरासमोरच्या दोन पाळण्यांत वजन सारखं असलं की लोण्यासारखा फिरायचा, नसलं की मोटार कण्हायची. नथ्थूजींना ते कण्हणं सहन व्हायचं नाही. म्हणून ते रांगेतल्या माणसांकडे एकदा नजर टाकायचे आणि जोड्या लावायचे. कोण कुणाचं कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं.

एकदा नवं जोडपं आलं. मुलीच्या हातावरची मेंदी पण उतरली नव्हती. नथ्थूजींनी नवऱ्याला एका पाळण्यात बसवलं आणि बायकोला अगदी समोरच्या, म्हणजे पार दुसऱ्या टोकाच्या पाळण्यात.

नवरा ओरडला, "अहो, आमचं लग्न झालंय!"

"झालं असन," नथ्थूजी म्हणाले. "पाळण्यात जमत नाई."

वजन ते मोठ्यानं म्हणायचे, हा एक तापच होता. "या बाई, सत्त्याहत्तर, इकडे." नागपूरच्या एका बाईंनी त्यावरून शेठजींपाशी तक्रार केली. शेठजींनी नथ्थूजींना बजावलं, "नथ्थू, आजपासून कोणाचं वजन सांगाचं नाई." नथ्थूजींनी मान हलवली. अर्ध्या तासानं त्याच बाई पुन्हा रांगेत आल्या. नथ्थूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आकडा गिळला आणि अतिशय आदरानं म्हणाले, "बसा बाई. तुमच्या समोर मी दोघं देतो."

बाई परत शेठजींकडे गेल्या!

पण एक सांगते. रोज सकाळी फाटक उघडायच्या आत नथ्थूजी वाळूची सोळा पोती पाळण्यात चढवायचे, प्रत्येकात दोन, आणि दहा फेऱ्या मारायचे. पोती उतरल्याशिवाय माणूस चढला नाही. सणाला नाही, गर्दीला नाही, खुद्द शेठजींचे जावई आले तेव्हाही नाही. दहा वर्षांत त्या पाळण्यावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

*

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. शेठजींचे गुडघे गेले होते आणि दोन्ही मुलांना बागेत रस नव्हता. तेव्हा बातमी आली, की एक मोठी कंपनी आमची चेन विकत घेणार आहे. त्यांच्या तीन-चार मोठ्या शहरांत बागा होत्या, लाटा उठणारे हौद होते. वर्धा जिल्ह्यात त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. हायवेची जागा दिसली असेल.

कंपनीचे लोक पहिल्यांदा आले ते एका रविवारी. दोन गाड्या, सहा माणसं, सगळ्यांचे गॉगल. फाटकाला कुलूप. आत मुनीमजी खुर्ची टाकून बसलेले, बाहेर मी, आदल्या दिवशी विसरलेला डबा घ्यायला आलेली.

त्यांच्यातले एक टाय लावलेले साहेब म्हणाले, "बोर्डावर लिहिलंय की रविवारी चालू असतं."

"आन खाली लिहिलं हाये, अमावस्येले बंद," मुनीमजी म्हणाले. अडत अमावस्येला बंद असायची, म्हणून बागही बंद असायची. रविवार असो, दिवाळीची सुटी असो.

"अहो, पण घसरगुंडीला अमावस्येचं काय?"

"घसरगुंडीले माहीत नाई साहेब. आमाले माहीत हाये."

सहाही माणसं रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिऊन परत गेली. शेठजींना कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, मुनीमजींची आता खैर नाही. शेठजी म्हणाले, "बरं केलं. अमावस्येले सौदा कोण करते?"

*

पुढे ते टायवाले साहेब महिनाभर आमच्याकडेच मुक्कामाला होते. पुण्याकडचे, तिशीतले, माणूस वाईट नव्हता. कंपनीत सुरक्षिततेचं काम पाहायचे. आम्ही त्यांना टायसाहेबच म्हणायचो. एप्रिलच्या उन्हातही त्यांनी तो टाय काढला नाही, याचं हमालांना फार कौतुक होतं.

सुधारणा करून पाहायची मोकळीक शेठजींनी दिली होती, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी नमुन्याची पाटी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिप्रायाचे छापील कागद वाटायला लावले. 'आमच्या सेवेत काय सुधारणा हवी?' असा प्रश्न होता. लोकांनी मन लावून लिहिलं. नमुना मागणारे आष्टीचे भाजीवाले काका तेव्हा नातवाला घेऊन आले होते. त्यांनी लिहिलं, 'पाणी भरपूर आहे. जमीन भारी आहे. हौदाच्या उताराला वांगी लावावी, वाया जाते.'

टायसाहेबांनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि पोट धरून हसले.

शेठजींनी तो मागून घेतला. आठ दिवसांत हौदाच्या उताराला वांग्याची रोपं लागली. टायसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण बाग अजून त्यांच्या कंपनीची झाली नव्हती, बोलणार काय?

तिसरी सुधारणा पोत्यांची. पाळण्याजवळ रचलेली वाळूची पोती त्यांना घाण दिसली. "पाहुण्यांच्या नजरेला हे बरं दिसत नाही." त्यांनी वाळू लहान मुलांच्या खेळायच्या खड्ड्यात ओतायला लावली आणि रिकामा बारदाना विकून टाकला. नथ्थूजी त्या वेळी जेवायला गेलते. परत आले तेव्हा पोत्यांच्या जागी कुंड्या होत्या, त्यात गुलाबी फुलं.

नथ्थूजी कुंड्यांपाशी वाकले. मग एक उचलून पाहिली.

"चार किलो," ते म्हणाले. "याच्यानं काय होते?"

त्या दिवसापासून रोज सकाळी पोत्यांच्या जागी हमाल बसू लागले. हमालांची काही तक्रार नव्हती. सकाळच्या थंड हवेत दहा फेऱ्या फुकट!

*

मग ती यादी आली.

कंपनी दोन्ही बागा घेणार, पण माणसं निवडून घेणार. टायसाहेब ऑफिसात कागद घेऊन बसले आणि आम्ही एकेक जण आत जायचो. पूर्ण नाव, वय, शिक्षण. हमालांना जीवरक्षकाचं प्रशिक्षण देणार होते. मुनीमजींना सल्लागार केलं, म्हणजे नेमकं काय ते मुनीमजींना शेवटपर्यंत कळलं नाही. माझं नाव आलं. आगगाडीवाल्याचंही आलं.

नथ्थूजी सगळ्यांत शेवटी आत गेले. मी कागद लिहायला तिथेच बसले होते.

टायसाहेब म्हणाले, "नथ्थूजी, आकाशपाळण्याला सर्टिफिकेट असलेला ऑपरेटर लागतो. तुमच्याकडे काही आहे?"

"नाई."

"वय?"

"अठ्ठावन असन."

टायसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "साहेब, नाव तर लिहून घ्या."

"नाव लिहायची गरज नाही, ताई," ते म्हणाले. आवाज कठोर नव्हता, उलट अवघडलेलाच होता. पण म्हणाले तेच.

नथ्थूजी उठले, खुर्ची होती तशी नीट लावली आणि बाहेर गेले. मला फार वाईट वाटलं. या माणसानं परत जायचं कुठे? अडत बंद होऊन दहा वर्षं झाली होती. बाजारात आता नुसते आकडे दाखवणारे काटे आले होते. पोत्याकडे पाहून वजन सांगणारा माणूस कुणाला हवा होता? मी बाहेर जाऊन त्यांना काहीतरी बोलायला गेले, तर तेच मला म्हणाले, "जाऊ द्या सुमनताई. गुलाबी फुलायले पाणी टाकून राह्यलो. त्यायचा काय दोष?"

शेठजींना संध्याकाळी कळलं. ते एवढंच म्हणाले, "अडतीतून मी सारे आणले. कंपनीले सारे देईन. नथ्थू नाई तं सौदा नाई." आणि त्यांनी सही थांबवली. कंपनीचा फोन आला, पत्र आलं. नियम म्हणजे नियम, तिकडचं म्हणणं. शब्द म्हणजे शब्द, इकडचं. दोन्ही बागा मधे लोंबकळत राहिल्या, आणि त्यांच्यासोबत आम्ही सगळे.

*

शेवटी कंपनीचे मोठे साहेब स्वतः यायचे ठरले.

ते आले सोमवारी सकाळी. सोमवारी बागेला सुटी असायची. हमाल आणि आगगाडीवाला सकाळच्या दहा फेऱ्या उरकून टेम्पोसोबत तळेगावला गेलते, तिकडे सहल होती आणि जनरेटरही तिकडेच होता. बागेत आम्ही मोजके: शेठजी, मुनीमजी, नथ्थूजी, टायसाहेब आणि मी. मोठे साहेब उंचेपुरे, भारदस्त, हिंदी बोलणारे. ऑफिसात शेठजींसमोर बसले. दाराबाहेर मुनीमजी, खिडकीबाहेर मी. आम्ही काही ऐकत नव्हतो, फक्त तिथे उभे होतो.

शेठजी म्हणाले, "साहब, यहाँ दीवारों को कान हैं. चलिए, ऊपर से आपको पूरी जगह दिखाता हूँ."

दोघं पाळण्यात जाऊन बसले. नथ्थूजींनी मोटार सुरू केली, तिचं कण्हणं सोसत त्यांना पार वर नेलं आणि थांबवलं. खालून आम्हाला दिसलं, की शेठजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि स्वतःच्या आणि साहेबांच्या हातांवर टाकला.

"दुपट्ट्याखाली सौदा!" मुनीमजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पंधरा वर्षं झाली पाह्यलं नोतं." जुन्या अडतीत भाव तोंडानं बोलत नसत. दुपट्ट्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची. किती बोटं, कुठे दाबली, ते फक्त त्या दोघांना माहीत. मोठ्या साहेबांना ही रीत कुठून कळणार? पण हात त्यांनी काढला नाही, एवढं खरं.

आणि तेवढ्यात लाईन गेली!

त्या दिवसांत लोडशेडिंग ठरलेलं असायचं. आमचं दुपारी चारला होतं. त्या दिवशी अकरालाच गेली, म्हणजे तीन-चार तासांची निश्चिंती. एप्रिलचं ऊन, पाळण्याला छत नाही.

"नथ्थू," वरून शेठजींचा आवाज आला, "लाईन गेली काय रे?"

"गेली शेठजी. बसून राह्यजा. हालू नका."

नथ्थूजींनी मोटारीचा पट्टा उतरवला आणि ब्रेकचा दांडा हातात घेतला. मग ते आम्हाला समजावून सांगू लागले, जणू पोरांना गणित शिकवत होते. वरच्या पाळण्यात जेवढं वजन, त्याच्याहून जरासं कमी खालच्या पाळण्यात हवं. मग ब्रेक सोडला की वरचा हळूहळू खाली येतो आणि खालचा वर जातो. फार कमी असलं तर वरचा धाडकन येईल. जास्त असलं तर येणारच नाही.

"पोते असते तं पाच मिंटाचं काम होतं," ते म्हणाले. टायसाहेबांनी कुंड्यांकडे पाहिलं.

"शेठजी अडुसष्ट, मोठे साहेब चौऱ्याऐंशी. एकशे बावन," नथ्थूजी म्हणाले. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "मुनीमजी चव्वेचाळीस. टायसाहेब एकोणऐंशी. सुमनताई एकसष्ट."

दहा वर्षं मी सगळ्यांना पंचावन्न सांगत होते!

"मुनीमजी आन साहेब बसले तं कमी पडते. तिघं बसले तं जास्त होते. एकच जोडी जमते." त्यांनी पाळण्याचं दार उघडलं. "सुमनताई, बसा. साहेब, तुमी बी."

टायसाहेब दोन पावलं मागे सरले. "वीज नसताना पाळण्यात कुणालाही बसवायचं नाही, हा नियम आहे. आणि यांच्याकडे सर्टि..."

"बैठो!" वरून मोठे साहेब ओरडले.

टायसाहेब बसले. मीही बसले. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. नथ्थूजींनी ब्रेक सैल केला, पाळण्याला एक हात लावला, आणि आम्ही उचललो गेलो. आवाज नाही, धक्का नाही. शेठजी आणि मोठे साहेब उतरत उतरत आमच्या समोरून खाली गेले, दुपट्टा अजून त्यांच्या हातांवर होता. त्याखाली काय ठरलं, ते शेठजींनी आजवर कुणाला सांगितलं नाही.

खाली पोचल्यावर मोठ्या साहेबांनी घाम पुसला आणि नथ्थूजींना विचारलं, "आपने मेरा वज़न कितना बताया?"

"शेठजीनं सांगाले मना केलं हाये," नथ्थूजी म्हणाले.

आता खाली ते चौघं आणि वर आम्ही दोघं! नथ्थूजींनी पुन्हा हिशेब मांडला. "वर एकशे चाळीस हाये. मोठे साहेब आन मुनीमजी बसले का एकशे अठ्ठावीस. बरोबर जमते."

मोठ्या साहेबांनी पाळण्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, आणि माठाकडे गेले. "मैं ज़रा पानी पी लूँ," म्हणाले आणि सावलीतल्या बाकावर बसले. ते काही उठायचं चिन्ह दिसेना.

वरून सगळं दिसत होतं. नागपूरचा रस्ता, पलीकडे भाज्यांचे वाफे, हौदाच्या उताराला आमची वांगी. चांगली धरली होती. टायसाहेब दोन्ही हातांनी दांडी धरून खाली नथ्थूजींकडे बघत होते. नथ्थूजींनी ब्रेकवरचा हात काढला नव्हता. ऊन अंगावर घेत ते तसेच उभे होते.

बऱ्याच वेळानं टायसाहेबांनी एक हात सोडला, टाय सैल केला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. ती यादी होती. त्यांनी ती गुडघ्यावर पसरली आणि पेन उघडलं.

"ताई," ते म्हणाले, "त्यांचं पूर्ण नाव काय?"

दहा वर्षं एका फाटकातून आत-बाहेर केलं होतं, आणि मला माहीत नव्हतं! मी पाळण्यातून वाकून ओरडले, "नथ्थूजी! साहेब तुमचं पूर्ण नाव विचारून राह्यले!"

नथ्थूजींनी वर पाहिलं. डोळ्यांवर हाताची सावली केली. दुसरा हात ब्रेकवर तसाच होता.

"आधी उतरा," ते म्हणाले. "मंग सांगतो."